आणेवारीत न बसणारी अडचण

३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्य सरकारने महाराष्ट्रातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात संभाजीनगर जिल्ह्यातले गंगापूर होते. अशा घोषणेमागोमाग सवलतींची एक ठरलेली यादी येते. जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जांचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपांच्या चालू वीजबिलात साडेतेहतीस टक्के सूट, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, गरज पडेल तिथे पाण्याचे टँकर; आणि या सगळ्यांच्या गर्दीत कुठेतरी एक ओळ असते, शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्कात माफी. ही यादी महसूल खात्याची. शिक्षण खात्याने ती केलेली नाही, फक्त पाळायची असते. विद्यार्थ्याच्या अंगावर अचानक कोसळणाऱ्या अडचणीकडे आपल्या सरकारने आजवर कोणत्या नजरेने पाहिले, ते या एका ओळीच्या जागेवरून कळते. ती ओळ वीजबिलाच्या खाली आणि टँकरच्या आसपास असते. माझे म्हणणे असे की मराठवाड्यात अडल्या वेळी विद्यार्थ्याला मिळणाऱ्या सरकारी मदतीचे कूळ तगाई आणि आणेवारीचे आहे. गावाचे पीक किती बुडाले हे मोजायची पद्धत आपण शंभर-दीडशे वर्षे घासूनपुसून घेतली. विद्यार्थ्याच्या घरी काय बुडाले हे विचारणारी खिडकी मात्र सरकारी इमारतीत कधी उघडलीच नाही. ती जिथे उघडली तिथे माणसांनी उघडली, आणि माणसे गेली तशी ती मिटत गेली.

आणेवारीचा हिशेब जुन्या माणसांना तोंडपाठ असे. रुपयाचे सोळा आणे, म्हणून भरघोस पीक म्हणजे सोळा आणे पीक. नजरेने अंदाज बांधायचा आणि गावाचे पीक किती आणे उतरले ते लिहायचे. दशमान नाणी आली तशी आणेवारीची पैसेवारी झाली आणि पन्नास पैशांच्या खाली गेलेले गाव टंचाईग्रस्त ठरू लागले. ब्रिटिश मुलुखात १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी तगाईला, म्हणजे सरकारने शेतकऱ्याला द्यायच्या कर्जाला, चौकट मिळाली. गंगापूर तेव्हा निजामाच्या राज्यात असले तरी तिथलाही व्यवहार वेगळ्या तत्त्वावर चालत नव्हता: सारा जमिनीतून येतो, म्हणून जमीन पिकली की नाही एवढेच सरकारने पाहायचे. २०१८ च्या घोषणेच्या वेळी मोजपट्टी बदलली होती. पावसाची तूट, जमिनीतली ओल, उपग्रहाने टिपलेली हिरवाई असे निर्देशांक आले. मोजायची वस्तू तीच राहिली. शेतकरी आत्महत्येनंतरची मदतही याच घराण्यातली. २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे पात्र कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात. त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. पात्रता ठरवायला सातबारा लागतो, बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे थकलेले कर्ज लागते, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीचा शिक्का लागतो. त्या घरातला मुलगा संभाजीनगरात बी. एस्सी. च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्याच्या मेसचे दोन महिने तुंबले आहेत, हे नोंदवायला त्या कागदावर रकाना नाही.

आता गंगापूर तालुका डोळ्यांसमोर आणा. दक्षिणेला गोदावरी, तिच्यावर पैठणला १९७६ साली पुरे झालेले जायकवाडी धरण, आणि त्याच्या फुगवट्याखाली गेलेली काठाची काळी जमीन. उत्तरेला लासूर स्टेशन, निजामाच्या काळातल्या मनमाड-हैदराबाद रेल्वेने बाजारपेठ करून सोडलेले गाव. पूर्वेला वाळूज, जिथे १९८५ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला आणि तालुक्यातल्या असंख्य घरांची चूल शेताऐवजी पाळीच्या भोंग्यावर पेटू लागली. या तालुक्यातल्या पोरांवर येणाऱ्या अडचणी पिकाच्याच असतील असे धरून चालणे हे पन्नास वर्षांपूर्वीही अर्धसत्य होते. समजा, पाऊस उत्तम झाला, कापूस चांगला आला, आणि नगर रस्त्यावर बापाच्या दुचाकीला अपघात झाला. समजा, वाळूजच्या ठेकेदाराने एका सकाळी चाळीस माणसे कमी केली. समजा, आईचे ऑपरेशन निघाले. तिन्ही घरांतली मुलगी परीक्षेला बसणार की घरी बसणार हे पुढच्या पंधरा दिवसांत ठरते, आणि तिन्ही घटना पैसेवारीच्या पन्नास पैशांवर काडीचाही परिणाम करत नाहीत. शिवाय दुष्काळ पडलाच तरी माफ होते ते परीक्षा शुल्क. चाळीसेक किलोमीटरवरच्या शहरात राहून शिकणाऱ्याच्या खर्चातला तो सर्वांत लहान आकडा असतो. खोलीचे भाडे, मेस आणि एस. टी. हे मोठे आकडे, आणि त्यांची तारीख महिन्याच्या महिन्याला येते.

हे मोठे आकडे पूर्वी कोण उचलत होते, हे पाहिले म्हणजे या इतिहासाची दुसरी बाजू दिसते. निजामी मराठवाड्यात मराठी मुलाला शिकायचे म्हणजे घर सोडावे लागे. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या संभाजीनगरात, सरस्वती भुवन १९१५ मध्ये उभी राहिली, इंटरमिजिएट कॉलेज १९२३ मध्ये. पदवीसाठी थेट हैदराबाद गाठायचे आणि तिथे उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकायचे. अशा मुलाला फीपेक्षा पोट भारी पडे. महाराष्ट्रभर या पोटाची सोय माधुकरीने आणि वार लावून केली जाई. सात घरी सात वार, एखाद्या घरचा वार चुकला तर त्या दिवशी पाणी पिऊन झोपायचे. अडलेल्या विद्यार्थ्यासाठीची ही आपल्याकडची सर्वांत जुनी तजवीज म्हणता येईल. अर्ज नाही, दाखला नाही, उत्तर त्याच दिवशी. तिच्यावर भाबडेपणाने लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून दुसरे वाक्य लगेच लिहायला हवे: ती फक्त ब्राह्मणाच्या मुलाला उघडी होती आणि घेणाऱ्याला रोज उंबऱ्याबाहेर उभे करीत होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांची रांग लावली आणि साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवले, ते या व्यवस्थेला दिलेले उत्तर होते. पुण्यात १९५५ साली डॉ. अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती काढली तीही याच वाटेवरची. या सगळ्यांना एक गोष्ट नेमकी कळली होती. गरीब विद्यार्थ्याला वर्षाअखेरीस एकरकमी पैसा फारसा वाचवत नाही; आज रात्रीची भाकरी आणि उद्याचे छप्पर वाचवते.

औरंगाबादच्या इतिहासात अचानक कोसळलेल्या संकटाचे एक ठळक उदाहरण आहे, आणि त्याचा पिकापाण्याशी काहीच संबंध नव्हता. नोव्हेंबर १९३८ मध्ये इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहातल्या मुलांनी वंदे मातरम् म्हटले. लोण उस्मानिया विद्यापीठात पोचले आणि शेकडो विद्यार्थी काढून टाकण्यात आले. पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यापैकीच. वसतिगृह गेले, वर्ष गेले, संस्थानात दुसरे विद्यापीठ नव्हते. तेव्हा नागपूर विद्यापीठाने, कुलगुरू टी. जे. केदार यांच्या पुढाकाराने, या मुलांना प्रवेश दिला. स्वातंत्र्यलढ्याच्या पुस्तकांत हा प्रसंग देशभक्तीच्या पानावर असतो आणि ते योग्यच आहे. शिक्षणाच्या इतिहासकाराने मात्र त्यातली दुसरी गोष्ट टिपावी. त्या मुलांना मिळालेली पहिली मदत पैशाची नव्हती. त्यांचे वर्ष बुडू न देणारा झटपट निर्णय ही ती मदत होती. एका विद्यापीठाच्या प्रमुखाला असा निर्णय घेता आला, कारण तो कुणाच्या दाखल्यासाठी थांबला नाही.

वेळेची ही किंमत ज्या माणसाने स्वतः मोजली होती त्यानेच पुढे औरंगाबादेत महाविद्यालय काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची बडोद्याची शिष्यवृत्ती १९१७ मध्ये संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. बुद्धी होती, विषय ठरलेला होता, प्रवेश होता. मुदत संपली होती. लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची सवड दिली. १९२० मध्ये ते गेले ते स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज अशी तिहेरी मोट बांधून. विद्यापीठाची सवड, एका राजाचे पैसे, मित्राची उसनवारी: तिन्हींपैकी एकही गोष्ट कुठल्या योजनेतली नव्हती. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर आंबेडकरांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वर्षाला तीन लाख रुपये मंजूर करून घेतले आणि आजच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची सुरुवात १९४४ च्या सुमारास झाली. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी निघाली, आणि मुक्त झालेल्या हैदराबाद संस्थानात, अनुसूचित जातींसाठीच्या ट्रस्ट फंडातून कर्ज घेऊन, १९५० मध्ये औरंगाबादचे महाविद्यालय सुरू झाले. तेच पुढचे मिलिंद. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्या हाताखाली मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतली, घरात पहिल्यांदाच शिकणारी मुले तिथल्या वसतिगृहांत राहू लागली. हे वळण फार मोठे आहे. मदत मागायची वस्तू होती, ती हक्काची झाली. उंबऱ्याबाहेर उभे राहण्याऐवजी नियमाकडे बोट दाखवता येऊ लागले. माझ्या साऱ्या तक्रारी या वळणाच्या पुढच्या आहेत, त्याच्या विरुद्ध नाहीत.

तक्रार अशी, की हक्क मिळाला तो वर्षाच्या हिशेबाने. २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. यशवंतराव चव्हाणांच्या काळात आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची ई. बी. सी. सवलत आली; ती २०१६ मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने नव्याने आली आणि उत्पन्नाची मर्यादा पुढे आठ लाखांवर गेली. २०१६-१७ पासून वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे, जिच्यात संभाजीनगरसारख्या शहरात वर्षाला ५१ हजारांपर्यंत रक्कम मिळू शकते. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाह भत्ता आहे. २०२४ पासून आठ लाखांच्या आतल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली. रक्कम म्हणून पाहिले तर एवढे पैसे या राज्याने विद्यार्थ्यांवर पूर्वी कधीच खर्च केले नव्हते. पण यातली जवळपास प्रत्येक योजना गेल्या वर्षीच्या उत्पन्नाचा दाखला मागते आणि चालू वर्षाचा पैसा अनेकदा पुढच्या वर्षी देते. गेल्या मार्चपर्यंत बापाची नोकरी होती, म्हणून यंदा मुलगी गरीब नाही. यंदा नोकरी गेली, ते पुढच्या दाखल्यात दिसेल, तोवर तिचे नाव पटावरून उतरलेले असेल. शिष्यवृत्ती वेळेवर द्या, ही मागणी मराठवाड्यातल्या विद्यार्थी मोर्च्यांत पिढ्यानपिढ्या टिकून आहे, ती उगीच नाही. जुलै २०१८ मध्ये कायगाव टोक्याच्या पुलावर, म्हणजे गंगापूर तालुक्यातच, मराठा आरक्षणाच्या आंदोलनाला जे शोकांत वळण लागले त्यावर बरेच लिहिले गेले आहे. त्या आंदोलनाच्या मागण्यांत फीची सवलत आणि जिल्ह्याजिल्ह्यांत वसतिगृहे होती, याची आठवण मात्र क्वचित काढली जाते. करोनाच्या काळात सरकारने आईवडील दोघेही गमावलेल्या मुलांच्या नावे पाच लाखांची ठेव ठेवली, पण अठरा वर्षांखालच्या. एकोणीस वर्षांचा पोरका विद्यार्थी सरकारच्या लेखी मोठा झाला होता. आणि २०१५ मध्ये, दुष्काळात, लातूर जिल्ह्यातल्या एका मुलीने बसच्या पासाला पैसे नाहीत म्हणून जीव दिला, तेव्हा कुठे दुष्काळी भागातल्या विद्यार्थ्यांना पास मोफत झाला. एका पासाची रक्कम कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी कुणाच्याही खिशात सापडली असती. ती मागायची कुणाकडे, हे त्या मुलीला सांगणारे कुणी नव्हते.

मग अडल्या वेळीच मदत द्या, या म्हणण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप आंबेडकरी परंपरेतूनच येतो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. तत्काळ मदत म्हणजे कुणाच्या तरी मर्जीची मदत; मर्जी आली की जात आली, ओळख आली, प्राचार्यांच्या दालनाबाहेर हात जोडून उभे राहणे आले. नियमाची मदत उशिरा येते, पण मान राखून येते. वारावर जेवणाऱ्या मुलाला उंबऱ्याबाहेर बसवणारी दया पुन्हा मागच्या दाराने कशाला आत घ्यायची? हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. मर्जी नको, हे पूर्ण मान्य. पण नियम म्हटला की उशीर आलाच, हे गृहीतक मान्य नाही. एस. टी. चा विद्यार्थी पास दोन तृतीयांश सवलतीने मिळतो, त्यासाठी वर्षभर थांबावे लागत नाही. टँकर मागणीनंतर काही दिवसांत येतो, दुसऱ्या वर्षी येत नाही. म्हणजे तातडी नियमात बसवता येते, हे महसूल खात्याने आणि परिवहन महामंडळाने दाखवून दिले आहे. आईबापाचा मृत्यू, घरातला गंभीर आजार, कमावत्याची नोकरी जाणे, घर जळणे किंवा वाहून जाणे, अशी चार-सहा कारणे नियमात लिहावीत. त्यांपैकी एक घडले की ठरावीक रक्कम ठरावीक दिवसांत मिळण्याचा हक्क प्रत्येक विद्यार्थ्याला असावा, त्याची जात आणि गावाची पैसेवारी न विचारता. यात दया कुठे आली?

दुसरा आक्षेप कारकुनी आहे, म्हणून अधिक चिवट आहे: खोटे अर्ज येतील, खरे-खोटे कोण तपासणार? जगाने याचे उत्तर फार पूर्वी शोधले. ऑक्सफर्डमध्ये १२४० साली बिशप रॉबर्ट ग्रोसटेस्ट यांच्या आदेशाने एक पेटी ठेवण्यात आली; गरजू विद्यार्थ्याने तारण ठेवायचे आणि बिनव्याजी उचल घ्यायची. ब्रिटननेच १९९० मध्ये विद्यार्थी कर्जे सुरू करताना विद्यापीठांच्या हाती अडलेल्यांसाठी वेगळा निधी दिला. दोन्हीकडे निर्णय विद्यार्थ्याच्या सर्वांत जवळच्या संस्थेने घ्यायचा होता. आपल्याकडे तो तहसीलमध्ये जातो, जिथे त्या मुलाला कुणी ओळखत नाही. गंगापूरच्या मुक्तानंद महाविद्यालयातला वर्गशिक्षक, वसतिगृहाचा अधीक्षक, मेस चालवणारी बाई यांना कोणत्या पोराच्या घरी काय झाले ते आठवड्यात कळते. फसवणूक होईल, थोडी होईलच. दोन-चार हजारांच्या रकमेत होणारी फसवणूक आणि शिक्षण सोडलेल्या मुलीचे उरलेले आयुष्य एका तागडीत टाकून पाहायला हवे. उत्पन्नाचे खोटे दाखले आजही निघतात. त्यांच्यामुळे शिष्यवृत्ती बंद करा असे कुणी म्हणत नाही. बँकेचे शैक्षणिक कर्ज आहे की, असेही सांगितले जाते. मेसच्या तीन हजारांसाठी शैक्षणिक कर्ज काढायला जाणाऱ्याने बँकेची कागदपत्रांची यादी एकदा वाचावी, मग बोलू.

खरे तर पैसे गोळा करण्याची जागाही तयार आहे. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या फीच्या पावत्यांवर ट्यूशन आणि जिमखान्याच्या खाली विद्यार्थी कल्याण निधी, आपत्ती व्यवस्थापन निधी अशा नावांच्या बारीक रकमा असतात. पाच, दहा, वीस रुपये. पालक त्या वाचतही नाहीत. अडचणीच्या वेळी एकमेकांना सावरण्यासाठी विद्यार्थ्यांनी आधीच भरलेली ही वर्गणी आहे, आणि तिचा मूळ हेतूही तोच असावा असे तिचे नावच सांगते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात कर्मवीरांच्या परंपरेतली 'कमवा व शिका' योजना चालते, तीही उपयोगाची. मात्र आईच्या उशाशी रुग्णालयात बसलेल्या मुलाला त्या महिन्यात कमवायला सांगणे हा विनोद आहे. त्याला आधी एक महिना निभावून नेणारे पैसे लागतात, कामाचे पुढच्या महिन्यात पाहता येते.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, नद्या पात्राबाहेर आल्या, उभी पिके आणि माती वाहून गेली. सरकारने ऑक्टोबरात मदत जाहीर केली. तिच्यात हेक्टरी दर होते, जनावरांचे दर होते, खरडून गेलेल्या जमिनीचे आणि विहिरींचे दर होते. विद्यार्थ्यांसाठी त्या यादीत परीक्षा शुल्क माफी होती. गंगापूरच्या, वैजापूरच्या, पैठणच्या प्राचार्यांनी आणि विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेने पुढच्या यादीची वाट पाहू नये. पावतीवरच्या त्या बारीक रकमांत आजपर्यंत किती जमा झाले आणि त्यातून अडलेल्या किती विद्यार्थ्यांना किती दिवसांत पैसे मिळाले, एवढे दोन आकडे त्यांनी येत्या जूनमध्ये प्रवेशाच्या सूचनेशेजारी फलकावर लावावेत.